आजोबा दुसऱ्या महायुद्धात पायलट होते म्हणे. सोलापूरच्या माणसाचं रेकॉर्ड कुठं शोधायचं?

साखरपेठकर (९ जानेवारी)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय असा की माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात विमानदलात होते. लहानपणापासून ऐकत आलोय की ते पायलट होते, रंगूनवर बाँब टाकले, एकदा विमान पेटलं तर उडी मारून जंगलातून आठ दिवस चालत आले. मोठ्या काकांकडं ऐकलं तर पंधरा दिवस. ते १९७९ ला गेले तेव्हा मी वर्षाचा होतो, त्यामुळं त्यांच्या तोंडून काहीच नाही. लढाईवरून आल्यावर आधी गिरणीत जॉबर, मग स्वतःचे चार यंत्रमाग, असंच आयुष्य गेलं, विमानाचा विषय त्यांनी घरात कधी काढला नाही म्हणतात.

हातात काय आहे तर एक फोटो आणि एक पत्र्याची ट्रंक. मेडल होतं, पण आजोबा गेल्यावर आजीनं युनिफॉर्म आणि मेडल बोहारणीला देऊन पातेलं घेतलं. पातेलं अजून वापरात आहे.

प्रश्न दोन. अर्ज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सकडं करायचा की दिल्लीला? आणि सर्व्हिस नंबर माहीत नसेल तर काय? खरं नाव इथं देत नाही, उदाहरणापुरतं नरसय्या धरा. आम्ही तेलुगू, पद्मशाली. घाई एवढ्यासाठी की चुलतभावानं 'फायटर पायलट आजोबा' असं डिजिटल बॅनर करायला टाकलंय, गड्ड्याच्या जत्रेत (आमची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) चौकात लावणार म्हणतोय.

कडकभाकरी

पातेलं पालथं करून बघा, नंबर बुडाला असेल. (दिवे घ्या)

शेंगाचटणी

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडंपण असाच एक 'बर्मा रिटर्न' आहे.

टेलविंड

मी स्वतः एअरमन (ऑफिसरच्या खालचा हवाई सैनिक) म्हणून वीस वर्षं काढलीत, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, रॉयल एअर फोर्स वेगळं आणि आपलं वेगळं. इंडियन एअर फोर्स ८ ऑक्टोबर १९३२ ला कायद्यानं अस्तित्वात आलं आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली तुकडी उभी राहिली, चार वापिती विमानं आणि १९ हवाई सिपाही. मार्च १९४५ मध्ये नावाच्या पुढं 'रॉयल' लागलं आणि १९५० ला गेलं. म्हणजे तुमच्या आजोबांच्या कागदावर १९४४ ला आयएएफ आणि १९४६ ला आरआयएएफ असू शकतं, माणूस एकच. घरचे लोक मग 'रॉयल'वरून सरळ लंडनला पोचतात.

दुसरी गोष्ट वाईट वाटून घेऊ नका. लढाई संपली तेव्हा आपल्या दलात सगळे मिळून साधारण २८,५०० माणसं होती आणि त्यात ऑफिसर १,६०० च्या आसपास. सगळे ऑफिसरसुद्धा पायलट नव्हते. बाकीचे फिटर, रिगर, आर्मरर, वायरलेसवाले, ड्रायव्हर, स्टोअरवाले. 'विमानदलात होते'चं 'विमानात होते' व्हायला दोन पिढ्या पुरतात.

फोटोत बघून सांगा. डाव्या खिशाच्या वर छातीवर पंख आहेत का? दोन्हीकडं पसरलेले पंख असतील तर पायलट. एकच पंख आणि गोलात अक्षरं असतील तर एअर गनर किंवा ऑब्झर्व्हर वगैरे. आणि बाहीवर काय आहे?

साखरपेठकर

टेलविंड सर, धन्यवाद. फोटो नव्या पेठेतल्या एका स्टुडिओत काढलाय, मागं पडद्यावर कारंजं आहे. खाकी ड्रेस, तिरकी टोपी. छातीवर काही नाही. पण बाहीवर विमानाचा पंखा आहे, अगदी स्पष्ट! प्रोपेलरची दोन पाती. त्यावरूनच तर घरात सगळे पायलट म्हणतात.

टेलविंड

तो पंखा म्हणजे लीडिंग एअरक्राफ्ट्समन, एलएसी. रँक आहे ती. मीपण लावलाय तो. पायलट त्या पंख्याच्या मागं बसतो, पंखा बाहीवर लावत नाही.

एलएसी म्हणजे कमी समजू नका, आपल्या ट्रेडमध्ये हात बसलेला माणूस.

कडकभाकरी

बॅनरवाल्या भावाला थांबवा कुणीतरी, ऑर्डर कॅन्सल होते का बघा!!

साखरपेठकर

ॲडव्हान्स दिलाय त्यानं. आणि मी हे ग्रुपवर सांगितलं तर मला ग्रुपमधून काढतील.

बार्शीलाइट

तरी एकदम निराश होऊ नका. सगळेच उडणारे पायलट नव्हते. व्हल्टी व्हेंजन्स म्हणून डाइव्ह बाँबर होतं, आपल्या ७ आणि ८ नंबर स्क्वाड्रनकडं, त्यात दोघं बसायचे, मागचा माणूस मशीनगन आणि वायरलेस सांभाळायचा. पण मग छातीवर अर्धा पंख दिसला असता.

माझ्या आजीचा चुलतभाऊ खरंच पायलट होता. बार्शीहून पुण्याला कॉलेजला गेला तो तिकडूनच भरती झाला. १९४४ ला गेला तो परत आला नाही, घरी तार आली, तारेत 'मिसिंग'. त्याची आई दहा वर्षं दाराला कडी लावू देत नव्हती असं आजी सांगायची. आम्ही इम्फाळच्या दफनभूमीत शोधलं, रंगूनजवळच्या तौक्यानच्या मेमोरियलच्या यादीत शोधलं, काही नाही. शेवटी नाव सापडलं सिंगापूरला, क्रांजीच्या स्मारकावर. आग्नेय आशियात ज्या हवाई सैनिकांना थडगं मिळालं नाही त्यांची नावं तिथं कोरलीत. बर्मात पडला म्हणून आम्ही बर्मात शोधत बसलो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव टाकून फुकट शोधता येतं, कुणी गेलं असेल तर सुरुवात तिथून करा. धागाकर्त्यांचे आजोबा जिवंत परत आले त्यामुळं त्यांना उपयोग नाही, पण दुसऱ्या कुणाला होईल म्हणून लिहिलं.

थेम्सकाठी

वीस वर्षं इंग्लंडात आहे, इकडची बाजू सांगतो. इथं लंडनमध्ये क्यूला नॅशनल अर्काइव्हज आहे. तिथं 'एअर २७' या मालिकेत स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकं आहेत, ब्रिटिश कमांडखाली लढलेल्या इतर देशांच्या स्क्वाड्रनचीही. त्यात दोन फॉर्म: ५४० म्हणजे रोजची थोडक्यात डायरी, हवा कशी होती, कोण आलं कोण गेलं. ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाण, विमानाचा नंबर, पायलटचं नाव, काम काय, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं. मी एका मित्रासाठी पानंच्या पानं वाचलीत, वेड लागतं.

पण खालच्या रँकची नावं त्यात क्वचितच. पायलट असेल तर रोज सापडेल, एलएसी असेल तर अपघातात सापडला तरच. आणि वैयक्तिक सर्व्हिस रेकॉर्ड इकडं मागून उपयोग नाही, मी मागवून बघितलंय, भारतीय दलातल्या माणसाचे कागद आमच्याकडे नाहीत असं दोन ओळींचं उत्तर आलं. दिल्लीच.

हो, आणि एक. कुठल्याही इंग्रजी साइटवर शोधताना 'सोलापूर' टाकू नका. तेव्हाचं स्पेलिंग शोलापूर, म्हणजे एसच्या पुढं एच. मी सहा महिने एच शिवाय शोधत होतो.

जुनी_गिरणी

'शोलापूर' वाचून डोळ्यासमोर गिरणीच्या कापडाच्या ताग्यावरचा शिक्का आला. आमच्या वडिलांची पगाराची चिठ्ठीपण शोलापूरचीच.

उगीच_एक

एक विचारू का? ज्या गावानं १९३० ला मार्शल लॉ भोगला, ज्या गावच्या चार जणांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर दिलं, त्या गावचा तरुण अकरा-बारा वर्षांत त्याच सरकारची टोपी घालतो, आणि आपण त्याचं बॅनर लावायचं? बॅनरची तारीखपण तीच जत्रेची. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन यांच्या पुतळ्यासमोर?

जुनी_गिरणी

उगीच_एक, प्रश्न उगीच नाही तुमचा. माझे वडील १९३० ला चौदा वर्षांचे होते, गांधी टोपी घातली म्हणून मार खाल्लेली माणसं त्यांनी डोळ्यानं बघितलेली. आणि त्याच वडिलांचा सख्खा मामा १९४१ ला भरती झाला. मामाच्या आईनं त्याला औक्षण केलं आणि मामाच्या बापानं पाठ फिरवली, एकाच घरात, एकाच दिवशी. पोट होतं हो. हातमागावर सूत मिळेना. हवाई दलात पगार, बूट, आणि हातात शिकलेलं काम. इंजिन उघडायला शिकवत होते, तेव्हा आमच्याकडं इंजिन म्हणजे रेल्वेचं एवढंच माहीत.

टेलविंड

यात भर. हीच खाकीतली पोरं फेब्रुवारी १९४६ ला नौदलाच्या बंडाच्या वेळी मुंबईत कामावर गेली नव्हती, आरआयएएफचे लोक संपावर होते. त्याच्या आधी जानेवारीत कराचीला ब्रिटिश एअरमननीच संप केला होता, घरी पाठवा म्हणून. टोपीखाली कोण काय विचार करत होतं ते टोपीवरून कळत नाही.

उगीच_एक

मान्य. तरी बॅनर नकोच, एवढ्यावर मी ठाम.

साखरपेठकर

बॅनरवर माझाही विरोध आहेच, कारणं वेगळी :)

जुनी_गिरणी काका, तुमचं औक्षणाचं वाचून वडिलांना विचारलं. ते म्हणाले, आमच्या आजोबांचे वडील त्यांच्याशी आठ-नऊ वर्षं बोलले नव्हते. मला हे पहिल्यांदाच कळलं. वडील ७५ चे आहेत, इतकी वर्षं बोलले नाहीत.

दप्तरदारीण

उशिरा आले. जुन्या कागदांत आयुष्य गेलंय म्हणून तीन गोष्टी सांगते.

एअरमनचे कागद नवी दिल्लीत सुब्रोतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे विचारा. ऑफिसरांचं एअर हेडक्वार्टर्स बघतं. पत्र साधं, एक पान, गोष्टी सांगत बसू नका. नाव, वडिलांचं नाव, गाव, अंदाजे भरतीचं आणि सुटल्याचं साल, ट्रेड माहीत असेल तर तो, आणि तुम्ही त्यांचे कोण याचा पुरावा. मृत्यूचा दाखला, आणि ज्यात तिन्ही पिढ्यांची साखळी दिसते असे तुमचे आणि वडिलांचे शाळा सोडल्याचे दाखले. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकार आहेच, वीस वर्षांहून जुन्या घटनांना कलम ८(३) नं बरेचसे अडसर दूर होतात, पण पहिलंच पत्र त्या सुरात लिहू नका.

दुसरं, सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चक्कर मारा. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं अनुदान असतं. तुमच्या आजींनी कधी अर्ज केला असेल तर त्यावर नंबर असणारच.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि फुकटचं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुष गोष्ट वाढवतात, बायका भांडं कधी घेतलं तेसुद्धा बरोबर सांगतात.

साखरपेठकर

तसं कोणी उरलं नाही हो. आजी गेली. आजोबांची धाकटी बहीण आहे, आत्याआजी, नव्वदीची, ऐकू कमी येतं, जन्मभर विड्या वळल्या, शाळेचं तोंड बघितलं नाही, तिला विमानातलं काय कळणार. बाकी दोन्ही करतो.

दप्तरदारीण

बरं.

धोटा

अण्णा, मीपण तेलुगूच, अशोक चौकातला. नावाचा घोळ आधी सोडवा. आपल्यात घराचं नाव आधी आणि माणसाचं नाव नंतर. भरतीच्या टेबलावर कारकुनानं ते इंग्रजी पद्धतीनं घेतलं की नरसय्या झालं आडनाव आणि घराच्या नावाचं राहिलं एक अक्षर. माझ्या मामाचं असंच झालं, आडनावावरनं शोधून शोधून थकलो, शेवटी इनिशियल म्हणून सापडलं. पुन्हा नरसय्याची स्पेलिंगं किती, एक वाय दोन वाय, आय, 'सिम्हय्या' काढणारेपण आहेत. पत्रात चार-पाच स्पेलिंगं सरळ लिहून द्या, लाजायचं नाही.

कडकभाकरी

काय बे धोटा, इतक्या दिवसांनी? काय करूलालास?

धोटा

कारखान्यातच बसलोय, लाइट गेलीय म्हणून टाइप करूलालो.

थेम्सकाठी

रच्याकने (बाय द वे), ऑफिसर असेल तर भारत रक्षक साइटवर नावानिशी डेटाबेस आहे, कमिशनच्या नेमणुका गॅझेटमध्ये यायच्या त्यामुळं ते जमतं. ॲडमिरल-मार्शल लोकांचे पणतू तिथं बसून शोधतात, आपण एलएसीवाले दिल्लीला पोस्टाची तिकिटं लावायची.

टेलविंड

तिकडचे मोठे म्हणजे आपलेच की. हृषीकेश मुळगावकर मुंबईत जन्मलेले, १९४० चं कमिशन, बर्मात लढले, १९७६ ला हवाई दलप्रमुख. सुब्रोतो पार्क ज्यांच्या नावानं ते सुब्रोतो मुखर्जी १९३२ च्या पहिल्या पाच पायलटांपैकी. पण मेडलांचा विषय राहिला. धागाकर्ते, बोहारीण प्रकरणानं माझ्या पोटात गोळा आला. भारतीय दलांतल्या माणसांच्या मेडलांच्या कडेवर बहुतेक वेळा नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असायचं, ब्रिटनमध्ये वाटलेल्या मेडलांवर नसायचं. म्हणजे तुमचा नंबर कुठल्यातरी मोडीत वितळला.

शेंगाचटणी

आमच्याकडं एक आहे! गोल, पांढरट, एका बाजूला राजाचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला सिंह कुठल्यातरी पालीवर उभा.

टेलविंड

पाल नाही ती, दोन तोंडांचा ड्रॅगन आहे. वॉर मेडल १९३९-४५. कडेला बघा.

शेंगाचटणी

बाबांनी ते ब्रासोनं घासून घासून कडा गुळगुळीत केलीय. दर १५ ऑगस्टला घासतात.

टेलविंड

_/\_

बार्शीलाइट

अवांतर: पैसे घेऊन रेकॉर्ड शोधून देतो म्हणणाऱ्यांपासून जपा. आमच्या घरात एकानं इंटरनेटवरच्या एका 'संशोधका'ला आठ हजार पाठवले, त्यानं पाठवलं काय तर क्रांजीच्या यादीचं तेच पान, सोनेरी बॉर्डर लावून.

कडकभाकरी

अवांतराला अवांतर: आमच्या सोलापुरात विमान नीट उतरावं म्हणून २०२३ ला साखर कारखान्याची आख्खी चिमणी पाडली, २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, केवढा सोहळा. आणि साखरपेठकरांचे आजोबा ८० वर्षांपूर्वी विमानं उघडून ठेवत होते. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

जुनी_गिरणी

चिमणीवर घसरू नका, धागा शंभरी गाठेल आणि भांडणं होतील.

साखरपेठकर (२६ जानेवारी)

अपडेट. सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आलो. माणूस चांगला भेटला, रजिस्टर काढून दाखवलं, पण आजीनं कधी अर्जच केला नव्हता. तिला असं काही मिळतं हेच माहीत नसणार.

पण ट्रंक! ट्रंकेत मागाचे सुटे भाग आणि जुने धोटे भरलेत, कारखान्यातच असते. हिरवा ऑइल पेंट मारलाय. आज सुट्टी म्हणून मी आणि मुलगा पॉलिश पेपर घेऊन बसलो. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली काळा, आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ. आधी आकडे, मग एक इनिशियल, मग नरसय्या, धोटा म्हणाला अगदी तसंच, घराच्या नावाचं एकच अक्षर. खाली आय.ए.एफ. शेवटचा एक आकडा ३ आहे का ८ हे कळत नाही, तिथं पत्रा गंजलाय. मुलगा म्हणाला, पप्पा, दोन्ही लिहा.

धोटा

लई भारी!!! पत्रात दोन्ही लिहा. मुलगा हुशार आहे.

दप्तरदारीण

फोटो काढून ठेवा आणि आता घासणं थांबवा. मी पाया पडते, पॉलिश पेपर बाजूला ठेवा.

साखरपेठकर (२ फेब्रुवारी)

पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं. दोन नंबर, पाच स्पेलिंगं, चार दाखले. बॅनर लागलं होतं बरं का. आजोबांच्या फोटोला मागं मिग विमान जोडलेलं.

एक राहिलं. वडिलांनी आत्याआजीला फोनवर विचारलं, आजोबा लढाईत कुठं होते. ती 'काक्सबजार' म्हणाली आणि सीरियल लागली म्हणून फोन ठेवला. आमच्याकडं मंगळवार बाजार आहे, काक्सबजार कुठला काय माहीत. वय झालंय तिचं.

टेलविंड

अहो!! कॉक्स बझार! आता बांगलादेशात, बर्मातल्या अराकानच्या आघाडीला लागून. १९४३ च्या अखेरपासून आपलं ६ नंबर स्क्वाड्रन तिथं होतं, हरिकेन घेऊन, अगदी खालून उडत जपान्यांच्या हालचालींचे फोटो काढायचं काम. कमांडर मेहर सिंग, त्या लढाईत आपल्या दलातला एकच डीएसओ (मोठा लष्करी सन्मान), तो त्यांना. अर्थात तिथं रॉयल एअर फोर्सच्यापण बऱ्याच तुकड्या होत्या आणि आपले एअरमन त्यांच्यातही असायचे, त्यामुळं लगेच ६ नंबर म्हणू नका.

पण शाळेत न गेलेल्या बाईनं ऐंशी वर्षं ते नाव लक्षात ठेवलं, हे बघा.

दप्तरदारीण

मी काही बोलत नाही.

साखरपेठकर

बोला हो. चुकलं माझं.

उगीच_एक (११ एप्रिल)

धागा वर आणतोय. आलं का काही?

साखरपेठकर

नाही. पोच आली फक्त.

कडकभाकरी

पत्र काक्सबजारमार्गे येत असेल.

साखरपेठकर (१९ जुलै)

आलं!

एक पान आहे. नंबरात शेवटी ८ होता. भरती १९४२, लाहोरजवळ वॉल्टनला. ट्रेड फिटर. सुटका १९४६. वर्तणूक 'व्हेरी गुड'. युनिटच्या रकान्यात दोन-तीन अक्षरी नावं आहेत, एक 'आर.एस.यू.' असं स्पष्ट वाचता येतं. स्क्वाड्रन कुठलंच नाही. टेलविंड सर, हे काय असतं?

टेलविंड

अभिनंदन! रिपेअर अँड सॅल्व्हेज युनिट. विमान जिथं पडेल तिथं लॉरी घेऊन जायचं, जंगल असो चिखल असो, उभं करता आलं तर उभं करायचं, नाहीतर कामाचे भाग काढून आणायचे. पेटलेलं विमान, जंगलातून आठ दिवस, हे सगळं खरं असू शकतं हो. फक्त ते वरून खाली पडले नसतील, खालून तिथं चालत गेले असतील.

जुनी_गिरणी

आणि मग जन्मभर यंत्रमाग दुरुस्त केले. माग बंद पडला की अख्ख्या साखर पेठेतनं ज्याला बोलवायचे तो जॉबर तेच का हो? असा एक माणूस मला आठवतो. हात मागाच्या आत आणि तोंडानं काहीतरी तेलुगू पुटपुटणं. नसेलही तो.

धोटा

काका, तसा प्रत्येक गल्लीत एक होता. पण असूद्या.

साखरपेठकर (२१ जुलै)

काल कागद घेऊन स्वतः आत्याआजीकडं गेलो. कानाशी मोठ्यानं वाचून दाखवलं. फिटर म्हटल्यावर तिनं मान हलवली, म्हणजे माहीतच होतं. मी म्हटलं, मग आम्ही सगळे पायलट पायलट म्हणत होतो तेव्हा बोलली का नाहीस? तर म्हणाली, "पायलट? तो माडीवर चढताना भिंत धरायचा. गच्चीवर पतंग काढायलासुद्धा मला पाठवायचा."

मग हे पायलटचं आलं कुठून विचारलं. ते म्हणे माझ्या मोठ्या काकांचं लग्न जमवताना मध्यस्थानं मुलीकडच्यांना सांगितलं, मुलाचे वडील पायलट होते, आणि लग्न झाल्यावर ते मागं घेणार कोण. काकू अजून तेच सांगते. बॅनरसुद्धा काकूच्याच मुलानं लावलं होतं.

मी म्हटलं, तू हे आधी कुणाला सांगितलं का नाही? म्हणाली, विचारायला कोण आलं होतं. आणि विड्यांचं सूप मांडीवर ओढलं.

दप्तरदारीण

हा प्रतिसाद मी प्रिंट काढून ऑफिसच्या दाराला लावणार आहे.

उगीच_एक

बॅनरचं काय झालं शेवटी?

साखरपेठकर

पावसाआधी कारखान्याच्या पत्र्यावर ताडपत्री म्हणून टाकलं. मिग वरच्या बाजूला आहे.

कडकभाकरी

सगळं मिळालं. पातेलं पालथं केलं का पण?

साखरपेठकर

केलं आज, तुमच्यामुळंच. बुडाला आजीचं नाव टोचलंय, आणि साल १९७१.

म्हणजे आजोबा जिवंत होते तेव्हा. घरात असतील त्या दिवशी, माग घराला लागूनच होते.